इंदूरच्या गच्चीवर दुर्मिळ कॅक्टस आणि सक्युलंट: माती, छप्पर आणि पाण्याचा हिशेब

इंदुरात कॅक्टस उन्हाने क्वचित मरतो, पावसाने हमखास मरतो. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की जीव तुटून आपण भर दुपारी कुंड्यांवर पाणी ओततो, आणि जुलैत पावसाचं पाणी चांगलं म्हणून त्याच कुंड्या उघड्यावर ठेवतो. दोन्ही सवयी सोडल्या तर लिथॉप्स, एरिओकार्पस, हॉवर्थियासारखी नाजूक समजली जाणारी झाडं राजेंद्र नगरच्या गच्चीवर किंवा रामबागेतल्या जुन्या घराच्या सज्जात वर्षानुवर्षं राहतात. इंदूरपासून फार लांब नसलेल्या, रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याच्या राजवाड्यातली कॅक्टसची बाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मालव्याची हवा या झाडांना मानवते. मानवत नाही ती इथली माती.

“मालव भूमि गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. गहू-सोयाबीनला जे सोनं, ते मेक्सिकोच्या खडकाळ उतारावर वाढलेल्या मुळांना विष. बेसॉल्ट झिजून झालेली आपली काळी माती ओली झाली की फुगते, हवेच्या वाटा बंद करते आणि दिवसेंदिवस पाणी सोडत नाही. त्यात वर्षाला सरासरी ९५० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या कारू प्रदेशातून कितीतरी दुर्मिळ सक्युलंट (पानांत-खोडांत पाणी साठवणारी झाडं) आले, तिथल्या बहुतेक भागात वर्षभराचा पाऊस ३०० मिलीमीटरच्या आतच असतो.

आपल्या बाजूने आहे ती इथली रात्र. कॅक्टस आणि बहुतेक सक्युलंट दिवसा अंगावरची रंध्रं, म्हणजे हवेची बारीक छिद्रं, मिटून घेतात; रात्री गारवा झाला की ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवसा त्याच साठ्यावर प्रकाशाचं काम चालतं. रात्र तापलेली राहिली तर रंध्रं नीट उघडत नाहीत, झाड नुसतं थांबून राहतं, आणि त्या वेळी कुंडीत पाणी असेल तर मुळं कुजतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर असल्यामुळे उन्हाळ्यातही रात्री उतार पडतो. शब-ए-मालवाचं, म्हणजे मालव्याच्या नावाजलेल्या रात्रीचं, हे देणं आहे. म्हणून पाणी कधी द्यायचं याचं उत्तर दुपारच्या उन्हात शोधू नका. ते रात्रीच्या तापमानात असतं.

आधी झाडाचा ऋतू ओळखा

नवं झाड घरी आलं की पहिला प्रश्न हा: हे कधी वाढतं? अॅडेनियम, पॅकिपोडियम, मेलोकॅक्टस, बहुतेक कॅक्टस आणि काटेरी युफोर्बिया उबदार दिवसांत वाढतात, थंडीत झोपतात. लिथॉप्स, कोनोफायटम, हॉवर्थिया, गॅस्टेरिया, एओनियम यांचं उलट आहे. त्यांना गारवा सुरू झाला की जाग येते आणि कडक उन्हाळ्यात ती निजतात. एकाच ट्रेमध्ये अॅडेनियम आणि हॉवर्थिया शेजारी ठेवून दोघांना एकाच झारीने पाणी घालणं म्हणजे दोघांपैकी एकाला घालवणं. दोन वेगळे ट्रे करा, वेगळ्या रंगाची लेबलं लावा. ही एवढी एकच व्यवस्था निम्म्या अडचणी संपवते.

माती: बाजारातलं तयार मिश्रण बाजूला ठेवा

नर्सरीत “कॅक्टस मिक्स” म्हणून मिळतं ते बहुधा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) थोडं पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) घातलेलं असतं. आपल्या पावसाळ्यात ते आठवडाभर ओलं राहतं. घरी बनवलेलं मिश्रण स्वस्तही पडतं, कारण त्यातली मुख्य वस्तू, बेसॉल्टची बारीक खडी, इंदूरच्या आसपास हवी तेवढी मिळते. बांधकामाचं सामान विकणाऱ्याकडे सगळ्यात बारीक खडी मागा आणि ३ ते ६ मिलीमीटरचा दाणा निवडून घ्या.

मापासाठी एखादा डबा घ्या. चार डबे खडी, दोन डबे प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा चांगल्या भाजलेल्या विटांचे तेवढेच बारीक तुकडे, एक डबा जाडी रेती, एक डबा लाकडी कोळशाचा चुरा, आणि दोन डबे पूर्ण कुजलेलं पानांचं खत किंवा गांडूळखत. लिथॉप्स आणि एरिओकार्पससाठी खताचा भाग दोनवरून एकवर आणा, हॉवर्थियासाठी तीनपर्यंत चालेल. ओल्या कचऱ्याचं घरचं खत इंदुरात आता घरोघरी होतं आणि ते जास्वंदीला, गुलाबाला उत्तम. कॅक्टसला ते दहात एक भागापेक्षा जास्त देऊ नका, आणि अर्धवट कुजलेलं तर मुळीच नको.

आता खरं काम. खडी, विटा, रेती, कोळसा, सगळं पिठाच्या जुन्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेली धूळ टाकून द्या. वर उरलेला दाणा बादलीत घेऊन हाताने ढवळा. पहिलं पाणी चहासारखं गढूळ निघेल, तिसऱ्या-चौथ्या वेळी दाणे तळाशी स्पष्ट दिसायला लागतील. तोवर धुवायचं. कंटाळवाणं आहे, पण ही धूळच पुढे दाण्यांमधल्या पोकळ्या भरते आणि दोन पावसाळ्यांत तुमच्या महागड्या मिश्रणाची सिमेंटसारखी वडी करते. तयार मिश्रण कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओता. दहा आकडे मोजेपर्यंत पाणी खालून निघून गेलं पाहिजे आणि वर तळं साचता कामा नये.

कुंडीच्या तळाशी खडीचा वेगळा थर घालायची पद्धत सोडून द्या. बारीक मातीखाली जाड खडी असली की पाणी सहज खाली उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. वर मात्र बोटाच्या एका पेराएवढा खडीचा थर जरूर द्या. झाडाचं बूड त्याने कोरडं राहतं.

कुंडी मातीची की प्लास्टिकची यावर फार वेळ घालवू नका. मातीची लवकर वाळते, म्हणून पावसाळ्यात सुरक्षित. प्लास्टिकची उन्हाळ्यात बरी. झाडापेक्षा बोटभर मोठी असली की झालं. एरिओकार्पस आणि लिथॉप्सचं मूळ खोल जातं, त्यांना उभट कुंडी द्या.

छप्पर: दहा जूनच्या आत

हिरवी जाळी पाऊस अडवत नाही. उलट तिच्यावरून ठिबकणारं पाणी पाऊस थांबल्यावरही तासभर कुंड्यांत पडत राहतं. पावसासाठी पारदर्शक छप्परच हवं: अतिनील किरणांना टिकणारी २०० मायक्रॉनची पॉलिथीन किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा. दर चार फुटांना निदान एक फूट उतार ठेवा, नाहीतर पाण्याचा फुगा साचून कापड फाटतं. चारही बाजू मोकळ्या असू द्या, कारण बंद छपराखालची दमट, कोंदट हवा बुरशीला आमंत्रण देते. आपल्याकडे झड बहुधा नैऋत्य-पश्चिमेकडून येते, म्हणून त्या बाजूला छप्पर दीड-दोन फूट पुढे काढा. कुंड्या जमिनीवर ठेवू नका. लोखंडी मांडणी किंवा विटांवर फळी, म्हणजे गच्चीवरून उडणारे शिंतोडे लागत नाहीत.

हे छप्पर थंडीतही राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत मावठा आला की झोपलेल्या अॅडेनियमचं बूड दोन दिवसांत मऊ पडू शकतं.

उन्हासाठी वेगळी सोय. रंगपंचमीची गेर निघाली की ५० टक्क्यांची जाळी चढवायची, मान्सून स्थिरावला की काढायची. जिम्नोकॅलिसियम आणि हॉवर्थियाला ७० टक्के सावली लागते. सावलीत वाढलेलं झाड एकदम उन्हात नेलं तर अंगावर फिकट चट्टा उठतो, तो पुढे खाकी होतो आणि कायम राहतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवा.

वर्षभराचं पाणी

आठवड्यातून एकदा, अमुक इतके मिली, असले नियम विसरा. कुंडी उचलून बघा. नुकतं पाणी घातलेल्या कुंडीचं आणि ठणठणीत वाळलेल्या कुंडीचं वजन हाताला कळायला लागलं की बाकी काही लागत नाही. मोठी कुंडी असेल तर बांबूची काडी तळापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी काढा. ओलसर किंवा गार लागली तर थांबा. पाणी देताना मात्र भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. रोज चमचाभर शिंपडल्याने वरची मुळं कुजतात आणि खालची तहानेने वाळतात.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस आपल्याकडे सर्वांत मोलाचे. पाऊस गेलेला असतो, रात्री उतरायला लागतात. थंडीत वाढणाऱ्या झाडांच्या कुंड्या याच दिवसांत बदला, त्यांना पाणी सुरू करा, पाण्यात विरघळणारं खत डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भाग करून महिन्यातून एकदा द्या. नायट्रोजन कमी असलेलं खत निवडा. नायट्रोजनने कॅक्टस फुगतो, अंग पोचट होतं आणि काटे विरळ येतात.

रात्रीचं तापमान १५ अंशांखाली स्थिरावलं की अॅडेनियम, पॅकिपोडियम आणि मेलोकॅक्टसचं पाणी थांबवा. अॅडेनियमची पानं पिवळी पडून गळतील, गळू द्या. डोंगरी कॅक्टस, म्हणजे रेब्युशिया, मॅमिलारिया वगैरे, जानेवारीत पूर्ण कोरडे ठेवले तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कळ्यांनी भरतात. घरात उबेला ठेवून पाणी चालू ठेवलेल्यांना मात्र फूल येत नाही, आणि लोक खताला दोष देतात.

संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो तशी कॅक्टसना जाग येते. पहिलं पाणी हलकं, आठवड्याने भरपूर. एप्रिल-मेमध्ये पाणी सूर्य मावळल्यावरच. नवतप्याच्या दिवसांत तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी घातलं तर मुळं अक्षरशः उकडून निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये छपराखाली असूनही हवेतल्या ओलाव्यामुळे माती वाळत नाही, तेव्हा पाणी निम्म्याहून कमी करा आणि उघडीप पडल्यावरच द्या.

नळाला येणारं नर्मदेचं पाणी चालतं. बोअरवेलचं पाणी जड असतं, कुंडीच्या काठावर आणि काट्यांवर पांढरे थर चढवतं. पावसाळ्यात गच्चीवर दोन ड्रम भरून झाकून ठेवा; लिथॉप्स आणि अँथुरियमला ते पाणी दिलेलं दिसून येतं.

काही झाडं, जवळून

लिथॉप्सबद्दल लोकांच्या मनात भीती आहे ती एका कारणाने: त्याला पाणी कधी द्यायचं नाही हे कुणी सांगत नाही. दोन जाड पानं, मध्ये फट. पाऊस गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या फटीतून पांढरं किंवा पिवळं फूल येतं. या काळात कुंडी वाळली की पाणी द्या. फूल सुकलं की थांबा. आता आत नवी जोडी तयार होते आणि ती जुन्या पानांतलं पाणी पिऊन वाढते. बाहेरून जुनी जोडी सुरकुतते, पातळ होते, शेवटी कागदासारखी पापडी उरते. जीव कळवळतो, पण ही सुरकुती तहानेची नाही. या वेळी पाणी दिलं तर जुनी पानं परत टरारतात, नवी जोडी आत अडकते आणि एकावर एक अशा दोन जोड्या बसून झाड बिघडतं. पापडी पूर्ण वाळल्यावर, साधारण मार्चमध्ये, पुन्हा थोडं पाणी. मे ते ऑगस्ट झोप. पानांच्या बाजू आत ओढल्यासारख्या झाल्या तर संध्याकाळी कडेने घोटभर, बस.

हॉवर्थियाची पारदर्शक टोकं पूर्वेच्या खिडकीत सुंदर खुलतात. उन्हाळ्यात त्याची बरीच मुळं आपोआप मरतात, त्यामुळे दसऱ्याला कुंडीतून काढून पोकळ, तपकिरी मुळं ओढून टाका आणि चार दिवस सावलीत सुकवून नव्या मिश्रणात लावा.

अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियास आणि एरिओकार्पस अतिशय सावकाश वाढतात. मोठं, स्वस्त एरिओकार्पस दिसलं तर विचारा, हे बियांपासूनचं की रानातून उपटलेलं? सर्व एरिओकार्पस आणि अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियास साइट्स, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत. रानातून काढलेल्या झाडांचा देशादेशांतला व्यापार बंद आहे. वाकडंतिकडं, ओरखडे असलेलं, मुळं तुटलेलं झाड घेऊच नका.

युफोर्बियाला हात लावताना मोजे घाला. थोराच्या चिकाची धास्ती आपल्या घरांत जुनीच आहे. या सगळ्या त्याच्याच बहिणी. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टर गाठा.

आणि एक झाड माझ्या फार जिव्हाळ्याचं: शिंदळ माकुडी, फ्रेरिया इंडिका. जुन्नरजवळच्या शिवनेरीवर आणि सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवणारं हे सक्युलंट जगात इतरत्र नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६५ साली त्याचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. पावसाळ्यात जाड कांड्यांना पानं फुटतात, पावसाच्या शेवटी गडद लाल, पिवळ्या खुणांची चांदणीसारखी फुलं येतात, मग पानं झडून कांडी कोरडी पडून राहते. कांडीपासून सहज लागतं, म्हणून लागवडीतलं रोप कुणाकडून तरी मिळवा आणि वाढवून पुढे द्या. गडावरचं गडावरच राहू द्या. बाकी सगळे छपराखाली असताना हे मात्र पावसाळ्यात पाणी मागतं. कोजागिरीनंतर कमी करत थंडीत थांबवा.

घरातली परदेशी झाडं

मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, होया यांचं गणित वेगळं. यांना एप्रिल-मेची कोरडी लू सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. इंदूरच्या घराघरात असलेला पाण्याचा कूलर इथे मोठी मदत करतो: ज्या खोलीत कूलर चालतो तिथे दमटपणा आपोआप वाढतो. झाडं झोतासमोर नको, बाजूच्या भिंतीला, पडदा लावलेल्या खिडकीजवळ ठेवा. कॅक्टस मात्र त्या खोलीत आणू नका. मिश्रण जाड ठेवा: नारळाच्या सालीचे तुकडे, पर्लाइट, कोळसा, कोकोपीट, थोडं गांडूळखत.

विकत घेताना रंगाला भुलू नका. “पिंक काँगो” फिलोडेंड्रॉनची गुलाबी पानं काही महिन्यांत हिरवी होतात, नवी गुलाबी येत नाहीत. “पिंक प्रिन्सेस”चा गुलाबी रंग खरा, पण खोडावर रंगाची रेघ असलेल्या पेरापासूनच कलम घ्या. पांढऱ्या चट्ट्यांचं अल्बो मॉन्स्टेरा हिरव्याकडे झुकायला लागलं तर शेवटच्या रंगीत पानाच्या वर छाटा. या कुळातली बरीच झाडं चावली तर तोंडाची आग होते. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर उंचावर टांगा.

कूज आणि कीड

कॅक्टसचं बूड दाबल्यावर मऊ लागलं तर आजच कापा, उद्यावर टाकू नका. धारदार पातं स्पिरिटने पुसा आणि बुडापासून पातळ चकत्या काढत वर जा, दर चकतीनंतर पातं पुन्हा पुसून. कापलेल्या भागाच्या मध्यभागी एक कडं दिसतं. त्या कड्यात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका दिसतोय तोवर रोग आत आहे, अजून एक चकती. कडं एकसारखं स्वच्छ हिरवट-पांढरं दिसलं की थांबा. कडा थोड्या तिरक्या तासा, गंधकाची किंवा दालचिनीची पूड लावा आणि सावलीत, वाऱ्याला, दहा-पंधरा दिवस सुकू द्या. मग कोरड्या खडीवर नुसतं टेकवून ठेवा. मुळं फुटल्यावरच पाणी. एवढं करूनही फक्त बोटभर शेंडा वाचला तर तो ड्रॅगनफ्रूटच्या कांडीवर कलम करा. दोन्हींची कडी एकमेकांवर आली पाहिजेत. ड्रॅगनफ्रूटचा पाया थंडीत मात्र जपावा लागतो.

पिठ्या ढेकूण दिसला की कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा. झाड कारण नसताना थांबलं असेल तर कुंडीतून काढून बघा. मुळांवर पांढरी भुकटी असेल तर माती फेका, मुळं धुवा, सुकवा, नव्या मिश्रणात लावा. एप्रिल-मेमध्ये शेंड्याकडची कातडी गंजल्यासारखी झाली तर तो लाल कोळी. संध्याकाळी पाण्याचा जोरकस फवारा, आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल व थोडा पातळ साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने फवारणी. कडुनिंबाचं तेल लावलेलं झाड दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवू नका.

बाहेरून आलेलं प्रत्येक झाड तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. कालिम्पोंगच्या नर्सऱ्यांतून सुरेख कॅक्टस येतात, पण ते डोंगरातल्या गारव्यात वाढलेले असतात. जुनी माती पूर्ण झटका, मुळं तीन-चार दिवस सुकवा, सावलीत लावा, आठवडाभर पाणी नको. परदेशातून मागवायचं असेल तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. पार्सलवर भलतंच काही लिहून झाड पाठवणाऱ्यांच्या नादी लागू नका.

बियांपासून

कॅक्टसचं बी फेब्रुवारीच्या अखेरीस पेरा, लिथॉप्सचं दिवाळीच्या सुमारास. मिश्रण बारीक, पण धूळरहित. वाफेवर अर्धा तास ठेवून थंड केलेलं. झाकणाच्या पारदर्शक डब्यात भरा, खालून पाणी शोषू द्या, बी वर नुसतं भुरभुरा, झाकू नका. झाकण लावून उजेडात, थेट ऊन टाळून ठेवा. अॅस्ट्रोफायटम तीन-चार दिवसांत फुटतं, बाकीच्यांना एक-दोन आठवडे द्या. रोपांच्या अंगावर काटे दिसेपर्यंत झाकण ठेवा, मग रोज थोडं थोडं उघडा. पहिला पावसाळा त्यांनी त्याच डब्यात, घरातल्या खिडकीत काढावा. वेगवेगळ्या कुंड्यांत लावायचं काम कॅक्टसचं पुढच्या फेब्रुवारीत आणि लिथॉप्सचं पुढच्या दसऱ्याला करा.